भोकाच्या पैशांची माळ

१४ नोव्हेंबर

घरी बसून आज नववा दिवस. पायाचं ड्रेसिंग झालं. डॉक्टर म्हणाले, कातडी धरतीय. लोखंडाचा हरभऱ्याएवढा थेंब बुटात शिरला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी फौंड्रीतल्या भट्टीसमोरून पळालो. पळायला नको होतं, बूट काढायला हवा होता. पण हे आता सुचतंय.

शालन अंगणवाडीत शिकवायला गेली की घरात मी एकटा. गोळीनं झापड येते, धड झोप नाही, धड जाग नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकतं ते बघत पडायचं. शिरोलीत इतकी वर्षं गेली, पण दुपारचं ऊन भिंतीवर असं चालतं हे कधी बघितलंच नव्हतं.

चारच्या सुमारास आत्ती आली. कागलहून, एकटी, एसटीनं. ऐंशीच्या पुढं गेलीय. बाबांची थोरली बहीण, वरच्या पिढीतलं आता तेवढंच माणूस. पायाकडं बघून "बरं हुईल, इलास" म्हणाली. पिशवीतनं बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला, उशाशी ठेवला.

"तुझ्या आज्याचं हाय. तुझा बा असता तर त्येला दिलं असतं. इकू नगंस. आन मला काय इचारू नगंस."

चहा ठेवू म्हटलं तर पायाकडं बोट दाखवून हसली. गेली पण.

१५ नोव्हें.

डबा उघडला. जुन्या सुतळीत ओवलेले मूठभर पैसे, मधोमध चौकोनी भोक. आणि मेणकापडात गुंडाळलेल्या चार नोटा.

आधी वाटलं, इंग्रजाच्या वेळचा भोकाचा पैसा असणार. लढाईत तांबं वाचवायला सरकारनं मधलं भोक पाडलंतं म्हणे, आजा सांगायचा. पण त्याचं भोक गोल. हे वेगळंच. चार बाजूंना चार अक्षरं, चिनी दिसतात. नोटांवर इंग्रजीत रुपये, खाली "जपानी सरकार". चित्रात झाडी आणि झाडीतनं वर आलेलं देऊळ.

एक पैसा ओठाला लावून बघितला. का ते माहीत नाही. गार लागला.

झापडीत दिसलं ते असं. आमच्या फौंड्रीत वाळूचा साचा उघडलाय. आत पैसे. एका देठाला दोन्ही बाजूंनी पानं फुटावीत तसे. आजा वाकून बघतोय, अंगात फौजी शर्ट. मला म्हणतो, गरम हाय, हात लावू नगं.

१६ नोव्हें.

आज नीट बघितले, शालनच्या शिवणाच्या भिंगातनं. हे पैसे छापलेले नाहीत, ओतलेले आहेत. शपथेवर सांगतो. अक्षरांच्या मधल्या जागेत वाळूचे बारीक खड्डे. एकाची वरची बाजू खालच्या बाजूवर केसभर सरकलीय, म्हणजे साच्याचे दोन भाग नीट बसले नव्हते. आमच्याकडं असला माल लगेच बाजूला टाकतात. कडेला एका जागी मोडल्याची खूण. तिथनंच धातू आत आला असणार, नंतर देठ मोडला. म्हणजे काल झापडीत दिसलेलं पैशांचं झाड खरंच होतं.

कडेवर घासल्याच्या रेघा, सगळ्या एकाच दिशेनं. आणि त्या रेघांवरनं चौकोनी भोकाचा उलगडा झाला. चौकोनी सळईवर शंभरेक पैसे ओवायचे आणि एकदम कानस मारायची. भोक गोल असतं तर पैसा जागेवर फिरला असता.

कुठला कोण ओतारी. त्याच्या हाताला पण फोड आले असणार.

शालनला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, काहीतरी उद्योग मिळाला तुम्हाला." मग स्वतःच भिंग घेऊन बराच वेळ बघत बसली.

१८ नोव्हें.

आज आजाचीच आठवण. बोलायचा कमी. लढाईत बर्मात होता, लढणाऱ्या पलटणीत नव्हे, रस्ता करणाऱ्या. दगड फोडायचे, चिखल उपसायचा, लाकडाचे ओंडके टाकायचे. परत आल्यावर जन्मभर रस्त्यावरच मुकादम. चालताना मध्येच थांबून पायानं रस्ता चाचपायचा. आम्ही पोरं हसायचो.

मी फौंड्रीला लागलो त्याआधी दोन वर्षं गेला. शेवटी कागलला आत्तीकडंच होता. तिनंच केलं सगळं.

२० नोव्हें.

माने सर आले. हायस्कुलातनं रिटायर, नाण्यांचा नाद. शालनच्या मैत्रिणीचे शेजारी, तिनंच बोलावलं. स्वतः जिना चढून वर आले, धाप लागली, पण डबा बघितला आणि पाणी प्यायचं विसरले.

बहुतेक पैसे अडीचशे वर्षांपूर्वीचे. वरून खाली, मग उजवीकडून डावीकडं वाचायचे: बादशहाचं नाव आणि "चालणारा पैसा" असं काहीतरी. एक मात्र वेगळा, बारीक, काळपट हिरवा. त्यावरची अक्षरं गोल फिरतात. सरांनी तो तळहातावर घेतला, श्वास लागू नये म्हणून तोंड बाजूला केलं.

"हे हजारेक वर्षांपूर्वीचं असावं. असावं म्हणतो."

"आणि ते ह्यांच्यात कसं?"

"चालतच होतं की बाजारात. नवं-जुनं कोण बघतंय, तांबं ते तांबं."

हजार वर्षं हा पैसा या हातातनं त्या हातात, कुणी थांबवलाच नाही. आणि आता आमच्या कॉलनीत, चादरीवर.

चौकोनाचं मी विचारलं. सर म्हणाले, गोल म्हणजे आकाश, चौकोन म्हणजे जमीन, असं चिनी लोक मानतात. मी कानशीचं सांगितलं. सरांना हसू आवरेना. "आयुष्यभर आकाश-जमीन सांगत आलो बघा."

नोटा: जपान्यांनी बर्मात चालवलेल्या. नंबर नाही, नुसती दोन अक्षरं. लढाई संपली आणि एका दिवसात रद्दी.

मग सरांनी नोट उलटली आणि डोळ्यांजवळ नेली. मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं बारीक ओळी. मी डाग समजलो होतो.

"मोडी आहे," म्हणाले. "द्या माझ्याकडं. मला मोडी मोडकीच येते, पण बघतो."

२३ नोव्हें.

सरांनी चारही नोटा वाचून कागदावर उतरवून आणल्या. जसंच्या तसं लिहून ठेवतो.

पहिली: गणपती तुकाराम. पुढं गावाचं नाव, तालुका भुदरगड, इलाखा करवीर. "ही जपानी नोट. याचे काही येत नाही. कागद बरा म्हणून लिहितो."

दुसरी: "सौ. हीस आशीर्वाद. बाळंतपण झाले असेल. मूल झाले असल्यास नाव ठेवण्याची घाई करू नये. मी आल्यावर ठेवू."

तिसरी: "रस्त्यावर चिनी खेचरवाला भेटला. भाषा कळत नाही. माझी तंबाखू त्यास, त्याच्या खेचराच्या गळ्यातली माळ मला. भोकाचे पैसे आहेत. इकडे चालत नाहीत, तिकडेही चालणार नाहीत. लेकराच्या कमरेस बांधणे."

चौथी पुसट. "ताप" एवढं लागतं. आणि "पाऊस".

सर म्हणाले, "तुमच्या आजोबांचं नाव गणपती का?"

नाही. आजाचं नाव सखाराम. आणि आम्ही कागलचे.

शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी. हात ओले. "म्हणजे ही माळ आपली नाहीच," म्हणाली.

२४ नोव्हें.

सकाळी आत्तीला फोन. "आत्ती, गणपती तुकाराम कोण?"

फोन ठेवला तिनं. पुन्हा लावला, उचलला नाही.

दुपारी पडलो. डोळ्यांपुढं खेचरं. धुक्यातनं एकामागं एक, घंटा नाहीत, नुसते पैसे वाजताहेत. एक माणूस माझ्याकडं तंबाखू मागतोय, आणि मला त्याची भाषा कळतेय.

२६ नोव्हें.

कागलला गेलतो. शेजारच्या शिवाची गाडी, मागच्या सीटवर पाय आडवा. शालन पुढं. आत्ती उन्हात शेंगा फोडत बसलीती. आम्हाला बघून उठली नाही.

"इचारू नगं म्हटलं हुतं."

"नोटांवर लिहिलंय, आत्ती. त्याच्या बायकोला."

हातातली शेंग तशीच राहिली. नोटांवर लिहिलंय हे तिला ठाऊक नव्हतं. तिला मोडी येत नाही, आजाला कुठलीच अक्षरं येत नव्हती. म्हणजे इतकी वर्षं या घरात ते पत्र होतं, आणि पत्र आहे हेच कुणाला माहीत नाही.

मग बोलली. थांबत थांबत.

गणपा आणि आजा एकाच तुकडीत. गणपा मराठ्याचा, भुदरगडकडचा. आपण तेव्हा अजून बौद्ध झालो नव्हतो. गावात एका पाणवठ्यावर उभं राहता आलं नसतं, तिकडं जंगलात एका टोपातलं खायचे. गणपाला ताप भरला. त्यानं माळ आणि नोटा आजाकडं दिल्या, घरी पोचीव म्हणाला.

"मग आजा गेला का नाही?"

"गेलता की. परत आल्या आल्या, घरी याच्या आदी तिकडं. कागलात उतारला आन तसाच चालत."

आजा त्या घरापुढं गेला. दारात गणपाची बायको. कपाळभर कुंकू, काखेत पोरगी. सरकारकडनं "बेपत्ता" एवढाच कागद आलेला. तिनं विचारलं, कुणाचं, कुठलं. आजानं गाव सांगितलं, वस्ती सांगितली.

"मग?"

"मग काय. अंगणातच ठेवला. पाणी मागितलं तर वंजळीत वरनं वाडलं." आत्तीनं शेंगांची टरफलं गोळा करायला घेतली. "जिच्या नवऱ्याला आपल्या हातानं पाणी पाजलं, तिच्या दारात त्येला वंजळ धरावी लागली. मग कशाला सांगतोय. गारगोटीचा रस्ता इचारला आन माघारी फिरला."

शालननं आत्तीच्या पाठीवर हात ठेवला. आत्तीनं तो काढला नाही, पण वळलीही नाही.

"न्हेऊन दे जा तुला द्यायचं तर. मी न्हाय येत."

२८ नोव्हें.

दोन दिवस घरात हाच विषय. शालनचं म्हणणं सरळ: त्यांची वस्तू त्यांच्या घरी. माझं मन होत नाही. त्या बाईनं आजाला अंगणात ठेवलं म्हणून? थोडं तेही आहे, खोटं कशाला लिहू. पण दुसरंही आहे. माळ दिली की गणपा मेला हे सांगावं लागणार.

"ऐंशी वर्षं झाली. त्यांना काय कळलं नसेल?" शालन.

"कळणं वेगळं आणि कुणीतरी येऊन सांगणं वेगळं."

"मग तुम्ही पण डब्यात ठेवा. पुढं कोण तरी बघंल."

भाजी चिरताना सुरी जोरात आपटत होती.

२ डिसेंबर

पट्टी निघाली. नवी कातडी गुलाबी, लहान मुलाच्या टाचेसारखी. काठी घेऊन जिना उतरलो-चढलो. पंधरा तारखेला हजर व्हायचं.

गारगोटीला उद्या जायचं ठरवलं. एकटा. शालनला सुट्टी नाही.

३ डिसें.

गेलो आणि आलो. झालं ते लिहितो.

गारगोटीच्या स्टँडवर चहाच्या गाड्यावर विचारलं. गाव पुढं सात-आठ किलोमीटर. वडापच्या जीपनं गेलो. पारावर एकजण: "कुठलं पावणं?" गणपती तुकारामचं घर विचारलं तर त्याला समजेना. दुसरा म्हातारा म्हणाला, "आरं बर्मावाल्याचं. बाळाक्काचं घर."

म्हणजे अजून बर्मावाला म्हणतात.

घर आता स्लॅबचं, अंगणात फरशी. बाळाक्का, बाळाबाई, म्हणजे ती काखेतली पोरगी. ब्याऐंशी वर्षांची. एकुलती एक म्हणून नवरा घरजावई आणला होता, तो वारला. सुना-नातवंडं आहेत. मला सरळ आत नेलं, खुर्ची दिली, पायाला काय झालं विचारलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी म्हटलं, माझे आजोबा बर्माच्या लढाईत होते. तिचे डोळे एकदम बारीक झाले.

भिंतीवर तिच्या आईचा फोटो. कपाळभर कुंकू. फोटो रंगीत, म्हणजे पुष्कळ नंतरचा. म्हातारी, सगळे केस पांढरे आणि एवढं मोठं कुंकू.

"हिरवं नेसवून न्हेली तिला," बाळाबाई म्हणाली. "सवाष्ण म्हणून. गावानं नावं ठिवली. म्या म्हटलं, ठिवू द्या."

"आणि वडील?"

"बा तिकडंच ऱ्हायला. तिकडं दुसरं लगीन केलं म्हणत्यात. लहानपणी पोरी चिडवायच्या मला, तुला बर्मात भाऊ हायती म्हणून." जरा थांबून, "आसतील बी. कुणाला ठावं."

पिशवी माझ्या मांडीवर. डबा हाताला लागत होता. चहा आला, प्यालो. पाऊस-पाणी बोललो. मग उठलो.

निघताना तिनं विचारलं, "तुमी आलतासा कशाला, पावणं?"

"सहज. इकडं काम होतं."

वडापात बसल्यावर लक्षात आलं. आजानं रस्ता विचारला, मी काम सांगितलं. मला तर कुणी अंगणातही ठेवलं नव्हतं.

४ डिसें.

शालन बोलत नाही.

झोप आली नाही दुपारी. गोळ्या संपल्या, स्वप्नं पण संपली बहुतेक. भिंतीवरचं ऊन मात्र तसंच.

५ डिसें.

आत्तीला फोन केला. सगळं सांगितलं: फोटो, हिरवी साडी, बर्मातले भाऊ.

मग म्हणाली, "दुसरं लगीन केलं म्हणत्यात?"

"हो."

"गणपानं?"

"हो, आत्ती."

मग: "रईवारी गाडी घिऊन ये. मी येतो."

८ डिसें.

शिवाची गाडी, शालन पण. आत्ती तयारच होती, निळ्या काठाची पांढरी साडी, हातात काही नाही. वाटभर खिडकीबाहेर ऊस. मध्ये एकदाच बोलली, "ह्यो रस्ता त्येनं चालत काढला."

बाळाबाई दारात आली. मला ओळखलं, हसली. "काम ऱ्हायलं वाटतं." मग आत्तीकडं बघून, "या की आत."

आत्ती अंगणात उभी. हलेना.

"या की. उनात कशाला?"

"माझा बा हितनंच माघारी गेलाय," आत्ती म्हणाली.

सून भांड्यांचं घमेलं घेऊन मागून येत होती, ती थांबली. बाळाबाई आत्तीकडं बघत राहिली. मग एक एक पायरी उतरून ती बाहेर आली. सुनेनं खुर्च्या आणल्या तर दोघी बसल्याच नाहीत. फरशीवर बसल्या, समोरासमोर, गुडघे धरून.

बाळाबाई म्हणाली, "रस्ता इचारायला आलतं त्ये पावणं?"

तिला ठाऊक होतं. तिची आई सांगायची. कितीतरी वेळा सांगायची. एक फौजी गडी आला, पाणी प्याला, रस्ता विचारला. ज्या रस्त्यानं आला त्याच रस्त्यानं परत गेला. "आई म्हणायची, त्येला काय तरी सांगायचं हुतं. त्यो बसला असता तर बोलला असता, आन बोलला असता तर माझं कपाळ गेलं असतं. म्हणून बसा म्हटलं न्हाई."

"म्हणून न्हाई म्हटलं?" आत्तीचा आवाज चढला. "का आमी कोण म्हणून न्हाई म्हटलं?"

शेजारच्या घरात मिक्सर चालू होता तो बंद पडला.

"ते मी कसं सांगू?" बाळाबाई म्हणाली. "तिला एकदा इचारलंतं. तिनं जबाब दिला न्हाई."

आत्तीनं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

मी डबा पुढं ठेवला. सरांनी उतरवलेला कागद वाचून दाखवला. पहिली नोट मी, पुढं शालननं. "नाव ठेवण्याची घाई करू नये. मी आल्यावर ठेवू" इथं आल्यावर बाळाबाईनं एकदम पदर तोंडाला लावला. रडतेय वाटलं. हसत होती. रडत पण होती.

"म्हणून मी बाळीच ऱ्हायलो! जाताना बी असंच सांगून गेलता म्हणं. आईनं नावच ठिवलं न्हाई. लग्नाच्या पत्रिकंत बी बाळी. लोक म्हणायचे, बाई येडी हाय."

माळ हातात घेतली. कमरेला कशी बांधू आता म्हणाली, मनगटाला गुंडाळायला गेली आणि सुतळी तुटली. पैसे फरशीवर सुटले, चौकोनी भोकाचे, गोल फिरत. काय आवाज तो! दोघी म्हाताऱ्या हातांवर-गुडघ्यांवर होऊन वेचायला लागल्या. शालन धावली, त्यांनी तिला बाजूला केलं.

वेचता वेचताच बाळाबाईनं विचारलं. वर न बघता.

"माझा बा मरताना तुमचा बा जवळ हुता?"

आत्ती थांबली. माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"न्हाई."

हे मला सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"माळ आदल्या दिशी दिली. दुसऱ्या दिशी हुकूम आला, पुढं चला. ट्रक हुबा. गणपाला छपराखाली ठिवला, आजारी हुती त्यास्नी मागची गाडी न्हील म्हणाले. माझ्या बानं पाणी पाजलं, नाकाशी कान लावून बघितलं. श्वास चालू हुता. मग पाऊस लागला आन नदीला पूर आला. त्या छपराकडं परत कुणी गेलं न्हाई."

"म्हंजे…"

"म्हंजे त्येनं मेलेला बघितला न्हाई. म्हणून बी बोलला नसंल तुझ्या आईला. काय सांगायचं, सोडून आलो म्हणून? मरायच्या आदी मला म्हणाला, पोरी, मी त्येला जित्ता ठिऊन आलोय."

बाळाबाई मुठीत पैसे धरून बसली. तशीच. ऊन फरशीवरनं तिच्या पायापर्यंत आलं, पुढं गेलं. कुणाला घाई नव्हती.

मग म्हणाली, "च्या घिऊन जावा. आत चला." आत्तीचा हात धरला. उठायला आधार म्हणून की कसं, दोघींनाही गुडघ्यांचा त्रास. आत्ती आत गेली.

मी आणि शालन अंगणातच बसलो. आत दोघींचं काय बोलणं झालं ऐकू आलं नाही. तासभर तरी.

परत येताना आत्ती झोपली. कागलला उतरताना एवढंच म्हणाली, "खरं असंल का रं, कपाळासाठी?"

आणि उत्तराची वाट न बघता घरात गेली.

९ डिसें.

माने सरांना कळवलं. ते हजार वर्षांचं नाणं नीट ठेवायला सांगा म्हणाले, आंबट लागू देऊ नका. सांगतो म्हटलं. बाळाबाईनं ते कुठं ठेवलंय मला माहीत नाही.

१२ डिसें.

संध्याकाळी बाळाबाईचा फोन. सुनेनं लावून दिला, ती मोठ्यानं ओरडून बोलते. आत्ती काल परत आलती म्हणाली. एकटी, एसटीनं. मला काही बोलली नाही आत्ती.

चार नोटा काचेत बसवून घेतल्यात, मागची बाजू वर. पैसे नव्या दोऱ्यात ओवून त्याच चौकटीला अडकवलेत. आईच्या फोटोशेजारी लावलीय.

"बाचा फोटो नव्हताच की आमच्यात. आता त्योच बा."

बरं केलंत म्हटलं.

"पर एक इचारायचं हुतं. आईच्या फोटोला हार हाय. बाच्या चौकटीला घालू का नको? पोरं म्हणत्यात घाल. मी घिऊन आलोय, झेंडूचा. हातातच धरून बसलोय मगाधरनं."

"आत्ती काय म्हणाली?"

"तिला इचारलं तर ती म्हणाली, इलासला इचार."

फोनमधनं नातवंडांचा गलका, कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

उद्या सांगतो म्हणालो.